हातोडीचा उजवा हात

लाँड्रीत काम करणाऱ्या ताईने अठरा वर्षांत कपड्यांचे डोंगर उपसले होते आणि संध्याकाळी बॉक्सिंगच्या रिंगणात भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. फक्त एकीपुढे तिची मात्रा चालत नव्हती. बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडणाऱ्या त्या बाईला सगळे हातोडी म्हणत. तिचा उजवा ठोसा बसला की समोरचीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. ताईला तिने दोनदा आडवं केलं होतं. आता दीड महिन्यावर तिच्याशीच पुन्हा गाठ होती. वयाच्या अटीमुळे ताईची ही शेवटचीच लढत, आणि हातोडीकडून तिसऱ्यांदा मार खाऊन घरी बसायची तिची मुळीच तयारी नव्हती.

तिचा गुरू म्हणजे सख्खा मामा. पेशाने न्हावी, जीभ वस्तऱ्याहून धारदार. एकदा तो डबा द्यायला लाँड्रीत आला आणि दारातच थबकला. ताई वाफेच्या प्रेसचं झाकण खाली ओढायची आणि दर वेळी, भाजू नये म्हणून, एक पाऊल मागे घ्यायची. मामाने कपाळावर हात मारून घेतला. रिंगणातही ही बया तेवढीच मागे सरकायची, आणि हातोडीचा लांब हात पूर्ण जोरात पोचायचा तो नेमका तिथेच.

दुसऱ्या दिवसापासून सराव मामाच्या दुकानात. पाठीला भिंत, समोर मामा, मागे सरकायला वीतभर जागा नाही. समोरचा उजवा खांदा हलला की हनुवटी खाली घालून आत घुसायचं, हे त्याने महिनाभर घोटून घेतलं. गिऱ्हाईकं गालावर साबण वाळवत बघत बसायची.

"मामा, जवळ गेले तर जास्त लागेल," ताई कुरकुरली.

"जोर धरायला हाताला जागा लागते. ती जागाच तिला द्यायची नाही."

लढतीत पहिल्याच फेरीत जुनी खोड उसळली. ताई मागे सरकली आणि ठोसा कपाळावर बसला. तिला स्वतःच्याच पायांचा संताप आला. पुढच्या वेळी खांदा हलताच ती आत शिरली. हातोडीचा हात तिच्या मानेमागून निघून गेला आणि ताईचे दोन आखूड ठोसे बरगड्यांत बसले. मग तेच पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्या फेरीत तर हातोडी उजवा उचलायलाच कचरू लागली.

पंचांनी ताईचा हात वर केला. मामाने खांद्यावरचा टॉवेल हवेत भिरकावला. हातोडी धापा टाकत ताईजवळ आली.

"माझ्या उजव्याला सगळे भितात. तू कशी नाही भ्यायलीस?"

"खूप भ्याले," ताई म्हणाली. "म्हणून तर जवळ आले."