खालची पट्टी

इंगळे बाई कोणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी म्हातारीचा हात मागायच्या. अमडापूरला आम्हाला चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि एसटीने गावोगाव फिरू लागल्या. म्हातारीचा हात मांडीवर घ्यायचा, सासर-माहेर विचारत त्यावरचं गोंदण ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं, आणि कागदाच्या तळाशी पट्टी आखून त्यात तिचं नाव-गाव लिहायचं. पट्टीशिवाय कागद फाईलला लागत नसे. "नाव नसलं तं ते नुसती नक्षी हाय बाप्पा," म्हणायच्या.

मी पुण्यात डिजिटल माध्यमांचं शिकून चिखलीला परतलो तेव्हा अंगात भलतं शहाणपण होतं. हे गोंदण एआयला शिकवू, ते नव्या नक्ष्या काढील, असं मी बाईंना पटवलं. त्यांनी सगळ्या फायली माझ्या हवाली केल्या. जपजो, एवढंच म्हणाल्या.

एआय अक्षरांनी गोंधळायचं. फुलाच्या मधोमध मोडक्या अक्षरांसारखं काहीतरी काढायचं. म्हणून स्कॅन करतानाच मी प्रत्येक चित्राची खालची पट्टी छाटून टाकली आणि नावाच्या जागी नुसता आकडा दिला. कागद होतेच ना, कॉटखालच्या खोक्यात! मग मी पुण्याला प्रदर्शनात भिंतभर नक्ष्या लावून शाबासकी घेत राहिलो आणि इकडे वरची टाकी फुटून खोलीत पाणी साचलं. परत आलो तर सगळ्या कागदांचा एक लगदा झाला होता.

बाईंना सांगायला आठ दिवस धजलो नाही. शेवटी गेलो आणि चित्रं कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित आहेत, हेच आधी सांगितलं. त्यांनी नावांचं विचारलं. पट्ट्या मीच छाटल्या होत्या, हे सांगावं लागलं.

"मंजे चित्र वाचले," बाई म्हणाल्या. "बाया गेल्या."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि पिशवी काढली. सत्तरी उलटलेली बाई पुन्हा गावोगाव निघाली, सोबत छापील चित्रं घेऊन मी. बहुतेक म्हाताऱ्या वारल्या होत्या. सासूच्या हाताकडे कोण बघत बसतं, असं सुना हसून म्हणायच्या. लोणारजवळच्या एका गावात मात्र एका नातीने वाकड्या ठिपक्यावर बोट ठेवलं. आजी गोंदून घेताना हलली होती म्हणे. बाईंनी तिथेच पट्टी आखून नाव लिहिलं आणि कितीतरी वेळ ते चित्र पिशवीत ठेवलं नाही. निम्मी नावं अशी परत आली, मग बाईंचे पाय थकले.

त्यांच्या स्वतःच्या डाव्या हातावरही गोंदण होतं. ते उतरवू का विचारलं की, "माह्या हाताची काय घाई हाय?" बुलढाण्याच्या दवाखान्यात घाई करायची वेळ आली. मी ट्रेसिंग पेपर काढला, तर त्यांनी हात चादरीखाली घेतला.

"आधी पट्टी आख."

मी पट्टी आखली, पूर्ण नाव लिहिलं, वाचून दाखवलं. मग हात मिळाला. तो थरथरत होता, रेघ वाकडी गेली. मी खोडली नाही.

चार दिवसांनी बाई गेल्या. तो कागद माझ्याजवळ नीट आहे. कॉम्प्युटरमधल्या उरलेल्या निम्म्या हातांना मात्र अजून नुसता आकडा आहे, आणि तो मी दिलेला आहे.