लाभपाचमीपर्यंत विसरलं पाहिजे!

हार्टच्या दवाखान्यात काम करते म्हटलं की लोक आधी चेहरा पाडतात. "रोज किती टेन्शन असेल ना!" असतं की. पण सुरतेत, उधन्यातल्या आमच्या ईसीजीच्या खोलीत एकोणीस वर्षं काढल्यावर सांगते, मशीनमधला कागद संपतो, किस्से काही संपत नाहीत. घरी सांगितले की नवरा म्हणतो, "तू तिखटमीठ लावतेस." तर हे घ्या, बिनतिखटमिठाचे.

* * *

आमच्या सरांचं एक वेड आहे. सर गुजराती, हृदयाच्या ठोक्यांचे डॉक्टर. पेसमेकरवाला पेशंट आला की म्हणतात, "ठोका तो मशीन देईल. ठोक्यानंतर हृदय सावरायला किती वेळ घेतं, ते मला दाखव, वैशालीबेन." हृदयाचे खालचे दोन कप्पे रक्त ढकलतात आणि मग पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतात. ईसीजीवर प्रत्येक ठोक्याच्या शेवटी एक छोटी टेकडी दिसते, ती या सावरण्याची.

एकदा कडोदऱ्याचे एक शेठ, यंत्रमागांचे मालक, आले. त्यांचा पेसमेकर मिनिटाला साठ ठोक्यांवर लावलेला. म्हणाले, "सर, नव्वद करून टाका ना. प्रॉडक्शन वाढेल!"

सरांनी विचारलं, "शेठ, मागाचा स्पीड वाढवतच गेलात तर?"

"सूत तुटेल."

"इथेही तेच. स्पीड वाढला की सावरायचा वेळ कमी होतो, आणि तो कमी व्हायलाही हद्द असते."

शेठनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं, साठच राहू द्या. पण रविवारी पंचावन्न करता येईल का? सुट्टी असते!"

* * *

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी नाना आले. म्हणजे आणले गेले. नाना मूळचे अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी, राहायला कोसाडला, एका पॉवरलूम युनिटमध्ये मास्तर. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. तेच कामावर चक्कर येऊन पडले होते. नाडी फक्त बत्तीस!

सरांनी ताबडतोब मानेतल्या शिरेतून हृदयात तार घातली, बाहेरचा डबा जोडला आणि सत्तरवर लावला. तात्पुरता पेसमेकर. मग त्यांच्या गोळ्या तपासल्या तर दोन पाकिटं. नावं वेगळी, आत औषध एकच! बीपीची एक गोळी गावच्या डॉक्टरची, एक सुरतच्या डॉक्टरची. महिनाभर दोन्ही चालू.

मी म्हटलं, "नाना, दोन्ही का घेतल्या?"

नाना म्हणाले, "दोन्ही डॉक्टर भला शेतस, बेटी. एकनं ऐकं अन् दुसरानं नही, बरं दिखस का?"

* * *

दसऱ्याच्या दिवशी आमच्या रेखाबेन, म्हणजे हेडनर्स, ओरडतच माझ्याकडे आल्या. जाऊन बघते तर पेसमेकरच्या डब्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल आणि शेजारी काकू, नानांच्या बायको, हात जोडून उभ्या.

"काकू, हे काय केलंत?"

"दसराले मशीननी पूजा करतस आम्ही. दरसाल ते मागनी पूजा करतस. यंदा त्यास्नं मशीन हाईच शे."

रेखाबेननी स्पिरिटचा बोळा काढला. तेवढ्यात सर आले. डबा बघितला, काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "रेखाबेन, बटणावरचं तेवढं पुसा. बाकीचं राहू दे."

* * *

गोळीचा असर उतरला, नानांचा स्वतःचा ठोका परत आला. जवळजवळ आठवड्यानं तार काढली. आता एकच काम उरलं, फिटनेस सर्टिफिकेट. सुरतेत दिवाळीला माग बंद होतात आणि लाभपाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, मुहूर्त करून उघडतात. युनिटच्या मालकानं सांगून ठेवलं होतं, लाभपाचमीला नाना उभे राहिले तर ठीक, नाहीतर दुसरा मास्तर ठेवणार. नानांची तीस वर्षं त्याच शेडमध्ये गेलेली.

युनिटच्या डॉक्टरनं ईसीजी काढला आणि सही करायला नकार दिला. "टेकड्या उलट्या आहेत. अटॅक येऊन गेलाय!"

काकू रडतच आल्या. सरांनी रक्त तपासलं, इको केली. अटॅक नव्हता. मग सरांनी नानांना समजावलं, "तारेचा ठोका वेगळ्या वाटेनं जायचा, म्हणून हृदयानं सावरायची रीत बदलली. आता ठोका जुन्या वाटेनं जातो, पण सावरायची रीत अजून मशीनचीच आहे. हृदयाला ते आठवतंय. विसरेल हळूहळू."

काकूंचं रडू एकदम थांबलं. "लगनना दिवस याद ऱ्हात नही या मानूसले, अन् मशीन इसरत नही!"

सरांनी पत्रही लिहून दिलं. त्या डॉक्टरचा निरोप आला, "पत्र वाचलं. टेकडी सरळ झाली की या."

* * *

मग नाना दर सोमवारी ईसीजीला यायला लागले. पहिल्या सोमवारी टेकडी उलटीच. दुसऱ्या सोमवारी थोडी वर.

तेव्हा काकूंकडून कळलं की कोसाडला त्यांच्या गल्लीत नवाच कायदा झाला आहे. नानांसमोर 'मशीन' शब्द काढायचा नाही! हृदयाला आठवण होईल ना! समोरच्या बाईनं शिलाई मशीनवर चादर घातली. शेजारी फोनवर सांगत होता, "अरे, कपडे धुवायचं ते बिघडलंय... ते रे... ते!"

मी हसून म्हटलं, "काकू, असं काही नसतं हो."

"माले माहीत शे," काकू म्हणाल्या. "पन इतलं लोक त्यास्नाकरता गप बसतस, मी कसी बोलू?"

तिसऱ्या सोमवारी टेकडी सपाट होती, आणि दिवाळी दारात. त्या रात्री मीच नीट झोपले नाही.

* * *

लाभपाचमीच्या आदल्या दिवशी नाना आले. नवा सदरा घातलेला. मी तारा लावल्या, कागद सरकायला लागला. एक ठोका, मागे टेकडी. सरळ! पुढचा, सरळ! मी ओरडलेच, "नाना, विसरलं!"

काकू दारातूनच म्हणाल्या, "इसरी गयं? खरंच?"

सरांनी पट्टी दोनदा बघितली आणि तिथेच सर्टिफिकेट लिहिलं. युनिटच्या डॉक्टरनं संध्याकाळी निमूट सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या आधी रेखाबेन आणि मी मुहूर्ताला गेलो. नारळ फुटला, पेढे वाटले. नानांनी पहिला माग सुरू केला, अगदी हळू. मालक मागून ओरडले, "मास्तर, फुल स्पीड घ्या ना! मुहूर्त आहे!"

नाना हलले नाहीत. मागाच्या लाकडावर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

"आठ दिन बंद व्हता," नाना म्हणाले. "त्याले याद येवू दे."