पोर्टेबल नंबर चार

शाळेच्या गेटपाशी मोठा बोर्ड लावला होता. त्यावर नव्या बिल्डिंगचं चित्र. काचेच्या लांब लांब खिडक्या, समोर झाडं, चित्रातली पोरं हसत पळतायत. खाली इंग्लिशमध्ये बरंच काही लिहिलं होतं, त्यातलं मला एकच वाचता आलं, सप्टेंबर. म्हणजे सप्टेंबरात होणार. मी रोज पोरीला सोडायला जाताना तो बोर्ड बघायची आणि मनात म्हणायची, देवा, सप्टेंबरपर्यंत तेवढं निभावून ने.

पोरगी तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. आम्ही कॅनडात, टोरांटोच्या एटोबिको भागात एका पंजाबी आंटीच्या बेसमेंटमध्ये राहायचो. माझे मिस्टर भोसरीला सीएनसी मशीन चालवायचे, तेच काम इथल्या एका फॅक्टरीत मिळालं म्हणून वर्क परमिटवर आले, आणि मागून आम्ही दोघी. मी नववी नापास. लग्न अठराव्या वर्षी, पोरगी एकोणिसाव्या. इथं आले तेव्हा मला बसच्या ड्रायव्हरची पण भीती वाटायची. तो काही विचारेल आणि मला सांगता येणार नाही, म्हणून मी सगळीकडं चालतच जायची, बर्फातनं पण.

पोरीचा वर्ग शाळेत नव्हताच. शाळेत जागा पुरत नव्हती म्हणून मागच्या मैदानात पेट्यांसारख्या खोल्या आणून ठेवलेल्या, त्याला पोर्टेबल म्हणायचे. ठोकळ्यांवर उचललेली खोली, तीन लाकडी पायऱ्या, दारावर मोठा आकडा. आत कार्पेट, आणि त्या कार्पेटला ओल्या गोधडीसारखा वास. पोरं बर्फाचे बूट घालून आत येणार, बर्फ वितळणार, कार्पेट पिणार, वरून हीटर तो वास शिजवणार. वॉशरूमला जायचं तर मैदान ओलांडून मोठ्या बिल्डिंगमध्ये. पहिल्या दिवशी मी आत डोकावले आणि दारातच थांबले. कारण माझ्या पोरीला दमा.

हा शब्द आता लिहितेय, तेव्हा तोंडातून काढला नसता. घरात आम्ही सर्दीच म्हणायचो. सासूबाई कॉलिंग कार्डवर फोन लावला की सांगायच्या, "पोरीच्या जातीला असलं नाव लावू नगंस बाई. उद्या कोन पदरात घेईल तिला? सर्दी हाय म्हनायचं, बास." आणि मिस्टरांचं वेगळंच. आमची पीआरची, म्हणजे इथं कायमचं राहायची, फाइल टाकलेली. त्यांना फॅक्टरीत कुणीतरी सांगितलं होतं की घरात एक जरी आजारी निघालं तर अख्ख्या घराला परत पाठवतात, सरकारला खर्च नको असतो. म्हणून इथल्या डॉक्टरकडं पण न्यायचं नाही, हेल्थ कार्डावर नोंद होते म्हणे. गावाकडच्या डॉक्टरनं दिलेले श्वासाचे पंप होते, कुणी ना कुणी बॅगेतनं आणून द्यायचं. ते मी पायमोज्यात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवायची. शाळेतून आली की एक पंप, झोपताना एक. आणि तिला शिकवून ठेवलेलं, कुणाला सांगायचं नाही. तिनं एकदाच विचारलं, "व्हाय?" मी म्हटलं, "सांगितलं ना, नाही सांगायचं."

दर महिन्याला शाळेतनं एक हिरवा कागद यायचा, बांधकाम कुठवर आलं त्याचा. पोरगी सोफ्यावर बसून मला वाचून दाखवायची, अडखळत, बोट ठेवून. पाया झाला. लोखंड उभं राहिलं. थंडीमुळं छताचं काम थांबलं. मी प्रत्येक कागद फ्रीजवर चिकटवायची. आंटी एकदा खाली आली, बघून हसली, म्हणाली, "इतने कागज तो मैंने अपने घर के नहीं रखे, बेटा. तू स्कूल बनवा रही है क्या?" मी पण हसले.

फेब्रुवारीत कागद आला तो पांढरा होता. वर मोठा पॅरा, बारीक अक्षरांचा, आणि खाली चौकोन. मिस्टर सेकंड शिफ्टला. पोरीनं वरचा पॅरा बघितला आणि म्हणाली, "टू हार्ड, मम्मी." मग तिनं खालचं वाचलं. मुलाला चालायला त्रास आहे का, ॲलर्जी आहे का, आणि मग तिचं बोट थांबलं. "इट सेज ब्रीदिंग." पुढं माझ्याकडं बघून म्हणाली, "बट आय हॅव दॅट."

मी म्हटलं, "नाही. तुला काही नाही. तुला सर्दी होते."

"मम्मी, आय हॅव दॅट."

"गप बस म्हटलं ना!"

आणि मी तिन्ही ठिकाणी नो वर खूण केली. खाली सही केली, तेवढं एक मला नीट यायचं, इंग्लिशमध्ये सही. मला बरं वाटलं, की वाचलो. कागदावर आलं नाही.

मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये मीटिंग होती, बांधकाम बघायला आणि प्रश्न विचारायला. मला जायचंच नव्हतं, पण ताईंनी नेलं. ताई म्हणजे समोरच्या उंच कॉन्डो बिल्डिंगमधल्या, पुण्याच्या, त्यांचे मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचा मुलगा माझ्या पोरीच्याच वर्गात. त्या पेरेंट कमिटीवर होत्या आणि कुणाला घाबरत नव्हत्या. जिममध्ये खुर्च्या मांडलेल्या, पडद्यावर फोटो, कोट घातलेला एक माणूस बोलतोय. ताई माझ्या कानात सांगत होत्या.

"स्कूल बोर्डानं कर्जाचे बाँड काढून पैसे उभे केलेत म्हणतोय. आपल्याच टॅक्समधून जाणार ते, म्हणून एवढा गोड बोलतोय बघ."

"होणार ना ताई, सप्टेंबरात?"

"होणार म्हणतोय, पण सगळी नाही. खालचा मजला फक्त. वरचा पुढच्या वर्षी." त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं. "आणि खालच्या मजल्यावर किंडरगार्टन. उरलेल्या जागेत ज्या मुलांना हेल्थचा प्रॉब्लेम आहे ती. तो फॉर्म आला होता ना पांढरा, त्याच्यावरून लिस्ट करणार. बाकीचे पोर्टेबलमध्येच."

माझ्या कानात एकदम वारा भरल्यासारखं झालं. तो मोठा पॅरा. पोरीला वाचता आला नाही तो, आणि मला तर नाहीच. त्यात हे लिहिलं होतं.

ताईंनी कोपरानं ढोसलं. "काय गं, तुझी पोरगी किती खोकते वर्गात, माझा सांगत असतो. काही आहे का तिला? असेल तर बोल, हा माणूस समोर आहे, आत्ता बोल."

"छे हो ताई. सर्दी."

"सहा महिने सर्दी?"

"तिला थंडी सोसत नाही."

"मग कॅनडात कशाला आलात गं?" त्या हसत म्हणाल्या, आणि पुढं बघायला लागल्या. कोटवाल्यानं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. हात वर झाले, कुणी पार्किंगचं विचारलं, कुणी झुल्यांचं. माझा हात मांडीवर होता, मी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला होता.

रात्री मिस्टरांना सांगितलं. ते डबा धूत उभे होते. त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "अगं, जूनमध्ये मेडिकल आहे पीआरचं. तेवढं होऊ दे. मग सांगू."

"अहो, लिस्ट त्याच्या आधी होईल."

"मग काय करू? तिघांनी परत जायचं? तिकडं काय आहे, सांग तू मला." मी डबा पुसून ठेवला.

एप्रिलात बर्फ वितळला आणि पोर्टेबलच्या खाली पाणी साचलं. एक दिवस दुपारी फोन वाजला. फोन वाजला की मी नेहमी घाबरायची, पण तो उचलला आणि मला दोनच शब्द कळले, डॉटर आणि कम. मी पायमोज्यातला पंप घेतला आणि चपलांवरच धावले, जॅकेट नाही, काही नाही.

पोरगी पोर्टेबलच्या पायरीवर बसली होती. टीचरनं स्वतःचा कोट तिच्या अंगावर टाकलेला. गळ्याखालची खळी आत जात होती, बाहेर येत होती, आणि छातीतली शिट्टी मला चार पावलांवरून ऐकू आली. टीचर नाइन वन वन, ॲम्ब्युलन्स, म्हणत होती. पंप माझ्या मुठीत होता. तिथंच द्यायचा होता. कुठल्याही आईनं तिथंच दिला असता.

मी म्हटलं, "नो नो. ओन्ली कोल्ड. वॉशरूम."

आणि तिला उचलून, हो, उचलून, ते सगळं मैदान ओलांडून मोठ्या बिल्डिंगमध्ये नेलं, वॉशरूमचं दार आतून लावलं आणि कमोडच्या झाकणावर बसवून पंप दिला. एकदा, दोनदा. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, श्वास आत धरून, मी शिकवलं तसं. बाहेर टीचरच्या बुटांचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी मी तिचं तोंड धुतलं, माझं पुसलं आणि हसत बाहेर आले. "सी? ओके."

टीचर गुडघ्यावर बसली आणि तिनं माझ्या पोरीला काहीतरी हळू विचारलं. पोरीनं मान हलवली, नाही. मग टीचरनं मला विचारलं, अस्थमा? तो शब्द मला कळला. मी पण म्हटलं, नो.

घरी येताना पोरगी म्हणाली, "टीचर सेड इफ आय हॅव इट, आय कॅन गो इन द न्यू रूम. शी सेड शी कॅन स्टिल पुट माय नेम."

"मग?"

"आय सेड नो. लाइक यू."

मी रस्त्यातच उभी राहिले. परत जावं, आत्ता सांगावं, असं वाटलं. पाय शाळेकडं वळले पण. पण मग त्या फाइलची आठवण आली आणि मी तिचा हात धरून घरी आले.

जूनमध्ये मेडिकल झालं. डॉक्टर गुजराती होते, म्हातारे. मी पोरीला सकाळीच पंप देऊन नेलं होतं, तरी त्यांनी पाठीला नळी लावली आणि लगेच म्हणाले, "बच्ची को अस्थमा है. पंप देते हो न?" मिस्टर खाली बघायला लागले. मला रडूच फुटलं, मी हात जोडले, म्हटलं, "डॉक्टरसाब, मत लिखो."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "अरे बेटा, ये तो लिखना ही पड़ेगा. लेकिन इससे कुछ नहीं होता. इसके लिए किसी का पीआर नहीं रुकता. मेरे पोते को है. आधी क्लास को होता है यहाँ."

बाहेर आल्यावर मिस्टर बसस्टॉपवर बसले. बस आली, गेली. ते म्हणाले, "फॅक्टरीतला तो तर म्हणाला होता..." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण नो वर खूण मी केली होती, त्यांनी नाही.

डॉक्टरनं शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली होती. दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन ऑफिसमध्ये गेले, ताईंना बरोबर घेऊन. सेक्रेटरी बाई चांगली होती. तिनं चिठ्ठी वाचली, मग ड्रॉवरमधून एक फाइल काढली आणि तो पांढरा कागद माझ्यासमोर ठेवला. माझ्या तीन खुणा. माझी सही. ताईंनी तो बघितला आणि माझ्याकडं बघितलं. "अगं, हे काय केलंस तू?" एवढंच. त्यांची चेष्टा पण बंद झाली.

लिस्ट मे महिन्यातच बंद झाली होती. खोल्या भरल्या होत्या. कुणी शाळा सोडली तर बघू, म्हणाली. कुणी सोडली नाही.

सप्टेंबरात नवी बिल्डिंग उघडली. चित्रात होत्या तशाच खिडक्या. लाल रिबन, पिझ्झा, फुगे. झाडं नव्हती, तिथं अजून चिखल होता. वर्गांच्या याद्या दारावर लावलेल्या, ताईंनी आमचं नाव शोधलं. दुसरीचा वर्ग, पोर्टेबल नंबर चार. पोरीनं विचारलं पण नाही. तिला माहीत होतं.

आणि आता शाळेला सगळं कळलेलं होतं, म्हणून पंप शाळेत द्यावा लागला. तेव्हा रूल होता, औषध पोरांनी जवळ ठेवायचं नाही, ऑफिसच्या कपाटात कुलपात राहणार. लागला तर टीचर पोरीला ऑफिसला पाठवणार. म्हणजे तीन पायऱ्या उतरून, मैदान ओलांडून, नव्या बिल्डिंगच्या खिडक्यांवरून, मोठ्या दारातनं आत. मी म्हटलं, टीचरपाशी ठेवा. सेक्रेटरी बाईनं हात पसरले. रूल.

हिरवे कागद पुढं पण येत राहिले, वरच्या मजल्याचे. मी ते फ्रीजवर लावले नाहीत.

त्या हिवाळ्यात मी रोज दुपारी जाऊन शाळेच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहायची. एकदा शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर, मी पोर्टेबलच्या दारापासून ऑफिसपर्यंत चालून बघितलं. माझी एकशे दहा पावलं. पोरगी बरोबर होती. तिनं पण मोजली, तिच्या पायांनी, आणि अर्ध्यावर खोकला आला म्हणून आकडा विसरली. म्हणाली, "आय विल काउंट टुमॉरो, मम्मी."