तिसऱ्या घंटेनंतर कुलूप

साथीच्या पहिल्या वर्षी ॲडलेडमधली विद्यापीठं आठवडाभरात लोकांच्या घरी राहायला आली. आमच्या मॉसन लेक्सच्या घरात विद्यापीठ उतरलं ते पाहुण्यांच्या खोलीत, कारण पाहुणे काही येणार नव्हते. पलंग उभा करून भिंतीला टेकवला, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, पाठीमागे त्यातल्या त्यात बरी चादर टांगली, आणि पडदा वर गेला.

मी तिथे कंत्राटी ट्यूटर होतो. लेक्चर देणारे वेगळे. ते बोलून गेले की ‘म्हणजे काय’ हे मुलांना सांगायला आम्ही. विषय होता अमेरिकेत पहिले कारखाने उभे राहिले त्या काळातल्या सुधारणा चळवळी. माझ्या वाट्याला गिरण्यांमधल्या मुली आल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांच्या या लेकी सूतगिरण्यांत कामाला आल्या, कंपनीच्या वसतिगृहांत राहिल्या, रोज बारा-तेरा तास मागापाशी उभ्या राहिल्या, आणि मग दिवसाला दहाच तास काम हवं म्हणून त्यांनी विधिमंडळाकडे अर्ज केले. त्यांना मताचा अधिकार नव्हता. अर्ज करायला मात्र कोणी अडवू शकत नव्हतं, म्हणून त्यांनी तोच केला, आणि हजारो सह्यांनिशी केला.

ऑनलाइन वर्गाची पहिलीच सकाळ फजितीची गेली. चौदांपैकी सहा जण वेळेवर आले, तीन जण रजई पांघरून आले, एक जण टोस्ट घेऊन आला. बाकीचे तासभर पावसाच्या थेंबांसारखे एकेक टपकत राहिले आणि प्रत्येकाला मी पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिलो. तेव्हा मला माझं जुनं खातं आठवलं. पुण्यात कॉलेजात असताना आमच्या नाटकमंडळींनी मला पाच वर्षांत बोलायला एक वाक्य दिलं नाही, पण घंटा दिली. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. तिसरीनंतर दार बंद. नगरसेवक आला तरी बंद. तो एक नगरसेवक खरंच आला होता, आणि त्याला व्हरांड्यात बसवून ठेवल्याचं समाधान मला आजही आहे.

मी देव्हाऱ्यातली पितळी घंटा उचलली. मंगळवारी दहा पंचवीसला पहिली, अठ्ठावीसला दुसरी, साडेदहाला तिसरी. त्या व्हिडिओ कॉलमध्ये एक सोय होती: बटण दाबलं की वर्गाला कुलूप. उशिरा येणाऱ्याला नुसती पाटी दिसायची, ‘यजमानांनी ही बैठक बंद केली आहे’.

बायको शेजारच्या खोलीतून रस्त्यांचे आराखडे करत असे. ती म्हणाली, “अरे, तुझी आरती माझ्या मीटिंगमध्ये ऐकू येते. आमच्या मॅनेजरने विचारलं, तुझ्या घराजवळ चर्च आहे का?”

“काय सांगितलंस?”

“हो म्हटलं. नवऱ्याचं आहे.”

घंटेचा परिणाम झकास झाला. तिसऱ्या आठवड्यात साडेदहाच्या ठोक्याला चौदाच्या चौदा चौकोन भरले. माउंट गॅम्बियरकडचा एक दांडगा विद्यार्थी होता, घरी गाई, पहाटे धारा काढून वर्गाला येणारा. तो म्हणाला, “मेट, आमच्या गाईसुद्धा इतक्या वेळेवर येत नाहीत.” मी ते प्रमाणपत्र समजून घेतलं.

त्याच तासाला मी गिरणीचं फाटक शिकवलं. घंटेचा शेवटचा ठोका पडला की फाटक बंद व्हायचं. एखादी मुलगी धापा टाकत, डोक्यावरच्या बॉनेटची नाडी बांधत पोचायची, आणि समोर लोखंडी गज. मी ती मुलगी झालो, पहारेकरी झालो, फाटकही झालो. मग माग झालो, कारण मागाचा आवाज मला चांगला काढता येतो असा माझा समज होता. खटक-फट, खटक-फट.

वर्गात एक मराठी मुलगी होती. ती एरवी शिकत होती अकाउंटिंग. बाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो आणि इतिहासात आकडेमोड नाही म्हणून इकडे आलेली. तिने माइक सुरू केला.

“सर, हा एका मागाचा आवाज झाला.”

“मग?”

“शंभर मागांचा आवाज कानाला येत नाही, पायांतून वर येतो. मी इचलकरंजीची आहे. आमची आई मागांसाठी सुताच्या कांड्या भरते. ती घरीसुद्धा ओरडूनच बोलते आणि तिला वाटतं आम्ही पुटपुटतो.”

वर्गाला तिने हे इंग्रजीत सांगितलं, आणि पुढची पंधरा मिनिटं वर्ग तिने चालवला, जे माझ्या कारकिर्दीत फारसं घडलेलं नाही. धोटा काय, कांडी काय, तुटलेला धागा चालत्या मागावर कसा जोडतात, हे तिने दोन्ही हातांनी हवेत करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात माझी मोठी खेळी होती. दहा तासांच्या अर्जावर विधिमंडळाच्या समितीसमोर जी सुनावणी झाली, तिचा प्रयोग आम्ही वर्गात करणार होतो. मुख्य साक्षीदार म्हणून मी तिथल्या तिथे तिची निवड केली. या साक्षीचे गुण होते, आणि ती दिल्याशिवाय विषयात पास होता येत नव्हतं. ती तास संपल्यावर मागे थांबून म्हणाली, “सर, हा विषय राहिला तर मला एक सेमिस्टर जास्त लागेल. आणि व्हिसा त्याच्या आधी संपतो.”

“राहील कशाला? तुझ्यासारखी साक्षीदार त्या समितीलासुद्धा मिळाली नव्हती.”

“साडेदहाच ना?”

“तिसऱ्या घंटेला,” मी म्हणालो, आणि घंटा हलवून दाखवली.

तो मंगळवार उजाडला. मी गिरणीमालक होतो. औषधाच्या बाटलीतल्या कापसाचे कल्ले गालांना चिकटवले होते आणि बायकोचा काळा कोट चढवला होता. पहिली, दुसरी, तिसरी. कुलूप. चौकोन तेरा.

मी थोडा खट्टू झालो, पण प्रयोग थांबत नसतो. गाईवाल्याने तिच्या जागी साक्ष वाचली, हळू आवाजात, शाळेतल्या धड्यासारखी. मी मालकाच्या तोऱ्यात गर्जलो, “महाराज, प्रमुख साक्षीदार आलीच नाही. तिला दहा तासही काम नको असणार!” मला वाटलं, हशा येईल. हसायच्या ऐवजी तेरा जण आपापल्या कागदांत बघू लागले. मी ते कल्ल्यांच्या खात्यावर टाकलं.

दुपारी तिचा ई-मेल आला. सोबत एक फोटो, तिच्या फोनच्या पडद्याचा. ‘यजमानांनी ही बैठक बंद केली आहे’ ही पाटी, आणि काचेत तिचं पुसट प्रतिबिंब, डोक्यावर जाळीची टोपी. शहराच्या उत्तरेला सॅलडची पाकिटं भरण्याचा एक कारखाना होता, तिथे ती आठवड्यातले तीन दिवस कामाला जात असे, आणि त्या आठवड्यापासून मंगळवारही त्यांत आला होता. पूर्वी सगळ्यांचा स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी, साडेदहाला एकदम व्हायचा. साथ आली आणि गर्दी नको म्हणून सुट्टीचे चार गट झाले. कोणाचा भोंगा कधी वाजेल ते त्या दिवशीच कळायचं. इतर दिवशी तिचा गट दर वेळी साडेदहाला किंवा त्याच्या जरा आधी सुटला होता. त्या दिवशी भोंगा वाजला दहा एकतीसला. ती पार्किंगमधल्या गाडीपर्यंत धावत गेली आणि दहा चौतीसला माझ्या दाराशी पोचली. पुन्हा एकदा संधी मिळेल का, एवढंच तिने विचारलं होतं.

मी उत्तर लिहायला घेतलं. चांगलं लिहिलं. तिची अडचण मला समजते. पण कामाच्या वेळा हा तिच्या आणि तिच्या मालकाच्या मधला प्रश्न आहे, आणि नियम बदलणं माझ्या हातात नाही. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली, म्हणून पाठवायचं राहिलं. आमटी गार झालेली मला चालत नाही.

जेवून आलो आणि पुढच्या आठवड्याची तयारी म्हणून समितीचा अहवाल उघडला. समितीतले गृहस्थ गिरण्या बघायला गेले होते. त्यांनी खिडक्यांतली फुलं पाहिली, आवारातली हिरवळ पाहिली, आणि ते प्रसन्न होऊन परतले. अहवालात त्यांनी मान्य केलं की काही गोष्टी बऱ्या नाहीत. पण कामाचे तास हे मालकाने आणि कामगाराने आपसात ठरवायचे, त्यावर उपाय आमच्याकडे नाही.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग लॅपटॉप उचलून शेजारच्या खोलीत गेलो आणि बायकोला दोन्ही मजकूर दाखवले, कोणता कोणाचा ते न सांगता.

“यातलं तुझं कुठलं?” तिने विचारलं.

“ओळख.”

“हे,” तिने अहवालावर बोट ठेवलं. “यात निदान फुलं तरी आहेत.”

हे समजायला मला माझंच फाटक माझ्याच तोंडावर लागावं लागलं. पण नाटकाची खोड अशी जात नाही. मी ई-मेल खोडला, आणि साधं ‘हो’ लिहायच्या ऐवजी ठरवलं, येत्या मंगळवारी भर वर्गात कुलूप काढायचं. तिसरी घंटा वाजवायची, कल्ले ओढून काढायचे, आणि घोषणा करायची की फाटक आजपासून उघडं. भाषण तयार केलं. आरशासमोर दोनदा म्हटलं. तिला फक्त ‘मंगळवारी बघू’ एवढंच कळवलं, रंग जाऊ नये म्हणून. व्हिसाची धास्ती असलेल्या मुलीला ‘बघू’ म्हणणं हे काय असतं, ते मला रंगाच्या भरात सुचलं नाही.

मंगळवार. पहिली घंटा. कोणी नाही. दुसरी. कोणी नाही. दहा तीस, तिसरी. पडद्यावर एकच चौकोन, त्यात कापसाचे कल्ले लावलेला एक गृहस्थ घंटा धरून उभा. सवयीने माझं बोट गेलं आणि मी कुलूपही लावलं. आत मी एकटा.

मिनिटभराने ई-मेल आला. वर जुन्या वळणाचं शीर्षक, ‘ट्यूटरसाहेबांच्या सेवेशी, खालील सह्या करणाऱ्यांचा अर्ज’. मागण्या दोन. वर्गाला कुलूप नको. आणि साक्ष पुन्हा घ्यावी, ती साक्षीदाराचा भोंगा वाजेल तेव्हा, घंटा वाजेल तेव्हा नव्हे. खाली बारा सह्या, आणि तेरावी सही गाईवाल्याची, तिच्याशेजारी शेणाने माखलेल्या बुटाचा फोटो. साक्षीदाराची सही नव्हती, भोंग्याची हकीकत तेवढी तिने त्यांना सांगितली असणार. ती पाकिटं भरत होती.

मी कुलूप काढलं आणि त्यांना कळवलं: या. ते लगेच आले, कुठेतरी दबा धरून बसल्यासारखे.

“मला हे आज जाहीरच करायचं होतं,” मी म्हणालो. “माझं भाषण तयार आहे.”

“नो वरीज, मेट,” गाईवाला म्हणाला. “आम्ही धरून चालतो की ते छान होतं.”

तर भाषण गेलं. आम्ही वाट बघत बसलो. मी तिला मेसेज टाकला: भोंगा वाजेल तेव्हा ये, दार उघडं आहे. दहा पन्नास झाले. अकरा. तास अकरा पंचविसाला संपणार. कोणी विणत होतं, कोणी नखं कापत होतं. मी मनात हिशेब करत होतो की तिचा गट शेवटचा सुटला तर काय, आणि त्या खोलीत पहिल्यांदा मला करायला काही नव्हतं. अकरा सात झाले आणि चौदावा चौकोन उघडला.

गाडीची सीट, जाळीची टोपी, हनुवटीखाली ओढलेला मास्क, मांडीवर डबा. “सर, चौदा मिनिटं आहेत. बोलू?”

“बोल.”

“सगळे का थांबलेत?”

“बोल गं!”

ती बोलली. मॅसॅच्युसेट्सची मुलगी होऊन बोलली. खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या, कारण दमट हवेत धागा कमी तुटतो. पुस्तक आणायला बंदी, म्हणून वर्तमानपत्रातली कात्रणं खिडकीला चिकटवून चोरून वाचायची. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय, रबरी बुटांत आणखी सुजणारे. सुट्टी इतकी तोकडी की घास तोंडात असतानाच परत निघायचं. घास तिच्या तोंडात खरोखरच होता. समितीचे अध्यक्ष झालेल्या विद्यार्थ्याने विचारलं, “तुम्हाला दहा तास मिळाले, तर उरलेल्या वेळेचं काय कराल?”

तिने डब्याचं झाकण लावलं. “सांगणार नाही,” ती म्हणाली. “तो माझा वेळ आहे.”

मागे भोंगा वाजला. तिने मास्क वर ओढला, “सर, झालं ना?” एवढं म्हणाली आणि उत्तर ऐकायच्या आत चौकोन गेला. सगळी साक्ष बारा मिनिटांची झाली. नियमाप्रमाणे दहा पुरेशी होती.

समितीने अर्ज एकमताने मंजूर केला, जे खऱ्या इतिहासात झालं नाही. तिथे कायदा व्हायला पुढे पुष्कळ वर्षं लागली. मात्र तो अहवाल लिहिणाऱ्या अध्यक्षाला पुढच्या निवडणुकीत पाडायला त्या मुलींनी कंबर कसली, आणि तो पडलाही. मला निवडणूक नव्हती, पण सेमिस्टरच्या शेवटी आमच्याकडे विद्यार्थी शिक्षकांना गुण देतात, तेव्हा हा तपशील मी त्या वर्षी जरा घाईने शिकवला.

घंटा देव्हाऱ्यात परत गेली. बायकोने तिच्या मॅनेजरला कळवलं की चर्च बंद पडलं.

इचलकरंजीची मुलगी पास झाली, आणि चांगली पास झाली. मी फक्त अर्धा गुण कापला, रबरी बुटांसाठी. त्या काळात गिरणीत रबरी बूट नव्हते, ते तिच्या पायातले होते. दोन दिवसांनी अर्धा गुण परत मिळावा म्हणून अर्ज आला. सह्या चौदा, आणि या वेळी पहिली तिची.

तो मी फेटाळला. उपाय माझ्याकडे नव्हता.