सात नंबरची कॅसेट

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापूरच्या शाळेत डबा उघडून बसलो होतो. डबा तसाच बंद केला आणि कोल्हापूरची एसटी धरली. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसता थकवा आला... आणि त्यात एक नको ती सुटका, की आता ती कॅसेट कुणी मागणार नाही. लाज वाटते, पण वाटलं ते खरं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. मी मुरगूडचा, तो कोल्हापुरातल्याच कसबा बावड्याचा, वडील साखर कारखान्यात फिटर. त्या वयात आम्हाला खूळ लागलं ते आधीच्या दशकातल्या विलायती बँडांचं. संध्याकाळी रेडिओवर परदेशी केंद्र लागायचं. मिलिंद रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडायचा, घरच्यांना ‘गप बसा की जरा’ म्हणून दम भरायचा आणि बटण दाबायचा. निवेदक इतकं भरभर बोलायचा की बँडचं नाव कळायचंच नाही, मग बारसं आम्हीच केलं. एक रडका, एक थंडीवाले, एक घाईवाले. गाणं रंगात आलं की नेमका कारखान्याचा भोंगा व्हायचा, तोही टेपवर उतरायचा. कॅसेट भरली की तिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे तो मोडून टाकायचा, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. सातवी कॅसेट त्यानं माझ्या हातात दिली. ‘‘ही सगळ्यात झ्याक हाय. जपून वापर.’’

ती मी पुसली. शिक्षकाच्या नोकरीची मुलाखत होती, इंग्रजी बोलण्याचा सराव करायचा होता, खोलीवर कोरी कॅसेट नव्हती. तुकडे मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावली की परत भरता येतं, तशी लावली आणि दोन्ही बाजू माझ्याच आवाजानं भरल्या. नोकरी लागली. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणता म्हणता दोघांची लग्नं झाली, त्यानं बावड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, वर्षं गेली. फोन आला की शेवटी ठरलेला प्रश्न.

‘‘सात नंबर गावली का रं?’’

‘‘शोधतोय.’’

‘‘गावली की घिऊन ये. फोनवर सांगू नगंस, येच.’’

त्या प्रश्नाच्या धास्तीनं मी बावड्याला जाणंच कमी केलं. मलकापूरहून लांब पडतं, असं सांगायचो. मग त्याच्या किडन्या गेल्या. शेवटचा गेलो तेव्हा भाच्याकडून इंटरनेटवरची तीच गाणी सीडीत भरून नेली होती, बँडांच्या खऱ्या नावांसकट. पाय सुजलेले, खाटेवर टेकून त्यानं दोन गाणी ऐकली. ‘‘लई स्वच्छ हाय रं, भोंगा बी न्हाय... कुणाच्या घरातलं हाय हे?’’ म्हणाला. मग परत तेच, सात नंबर. मी म्हटलं, माळ्यावर असेल. तो हसला. ‘‘आसूदे. माळा काय पळून जात न्हाय.’’

तो गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना भेटायला गेलो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. त्या चहा गाळत होत्या, हात थांबला नाही.

‘‘ठावं हाय की भावजी. तुमच्या खोलीवर ह्यांनी ती चिकटपट्टी बघितलीती. आमच्या लग्नाच्या आधीच.’’

‘‘मग मागत कशाला होता?’’

‘‘म्हणायचे, त्याला कामाबिगर यायची सवय न्हाय. कॅसेट मागत ऱ्हायलो की कबूल करायला तरी येईल.’’

ज्या प्रश्नानं तो मला बोलवत होता, त्याच प्रश्नाला भिऊन मी दहा-बारा वर्षं लांब राहिलो.

घरी येऊन कॅसेट काढली. ती माळ्यावर कधीच नव्हती, माझ्या टेबलाच्या खणात होती. लावली. दोन्ही बाजूंनी मी मोडक्या इंग्रजीत कुणा साहेबाला सांगतोय की प्रामाणिकपणा हा माझा मोठा गुण आहे. दुसरी बाजू संपत आली तेव्हा खट् झालं आणि रडका सुरू झाला. पुसायची राहिलेली दोन मिनिटं. मागं भोंगा, आणि त्यावर चिडलेला मिलिंद, ‘‘आयला, आत्ताच व्हायचं हुतं व्हय ह्याला!’’

काल त्या खाचांवरची पिवळी पडलेली चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. आता ती दोन मिनिटं कुणाला पुसता यायची नाहीत.