खर्च वाढू दे

मुलीच्या ऑफिसची गाडी रोज सकाळी आमच्या कोपरीच्या बिल्डिंगखाली यायची आणि तिला घोडबंदर रोडला न्यायची. ऑफिस म्हणजे मोबाईलवरून किराणा घरपोच देणारी कंपनी, बघता बघता नाक्यानाक्यावर पोचलेली. आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर हातात आलेले बरेचसे पैसे तिच्याच शेअरमध्ये घातले. आपल्या पोरीची कंपनी ना! त्यांचं बघून खालच्या मजल्यावरच्या दोघा शेजाऱ्यांनीही घातले.

तिमाहीचा निकाल जवळ आला की तिघं गेटजवळच्या बाकावर बसत. कंपनी वाढतेय हे सगळ्यांनाच दिसत होतं. प्रश्न एवढाच, की वाढण्यापायी उधळते किती. खर्च अंदाजापेक्षा कमी निघाला तर शेअर वर, जास्त निघाला तर खाली. मुलगी घरी अवाक्षर काढायची नाही, तिला तसा नियमच होता. मग हे तिच्या गाडीवरून अंदाज बांधायचे. रिकामटेकड्यांचे उद्योग, दुसरं काय!

या वेळी निकालाच्या आधीच गाडी बंद झाली. मुलगी बसने जायला लागली.

"खर्चाला कात्री लागली वाटतं," एक शेजारी खुशीत म्हणाले. "शेअर उडणार बघा, साहेब!"

हेही हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरगी रोज ट्रॅफिकमध्ये ताटकळून घरी येते आणि ह्यांना गुदगुल्या होतायत!

"गाडीनंतर कोणाचा नंबर, तेही सांगा की भावजी," मी खिडकीतूनच विचारलं.

हे बाकावरून उठून वर आले. त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. मुलगी आंघोळीला गेली की हळूच विचारायचे, "काही बोलली का गं?" धास्ती मलाही होतीच, फक्त मी भांडी आपटायचे.

निकालाच्या दिवशी हे देवापुढे हात जोडून उभे राहिले. शेअरवाल्याने कधी मागू नये ते मागितलं. "खर्च वाढू दे."

आणि वाढला की! सगळ्यांच्या अंदाजाच्या वर गेला. शेअर धाडकन आपटला. बाकावरचे दोघे सुतक असल्यासारखे बसले होते. मी शिरा केला, ह्यांनी दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी मुलगी आली, शिरा खायला बसली. हे उत्साहाने म्हणाले, "अगं, खर्च कमी केलेलाच नाही त्यांनी! म्हणजे कोणाला काढत नाहीयेत."

तिने चमचा खाली ठेवला. "बाबा, एवढा वाढला म्हणूनच आता कमी करायला लागणारे. माणसं कमी करणार, आजच सांगितलं. ज्याला काढतील त्याने लॅपटॉप तिथेच ठेवून निघायचं."

"आणि तू?" मी विचारलं.

"माहीत नाही, आई."

हल्ली संध्याकाळी बसची वेळ झाली की मी खिडकीत जाऊन उभी राहते. ती गेटमधून आत आली, की आधी तिच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग आहे का ते बघते. चेहरा नंतर.