बाळाचे लंगोट आणि स्टिअरिंगचं ऑईल

गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचं ऑईल बदलायचं की नाही, हे मी बाळाच्या लंगोटांना विचारलं.

मी मूळचा माहूरकडचा. सातवीतून शाळा सोडली. लातुरात गुरुजींची जुनी गाडी चालवतो, त्यांच्याच अंगणातल्या खोलीत राहतो, काकूंच्या हातचं जेवतो. त्यांची लेक, ताई, नांदेडला बाळंत झालेली. दुसऱ्या दिवशी तिला अन् बाळाला आणायचं होतं, आणि ऐनवेळी गाडी वळताना कुंई करायला लागली! तान्हं लेकरू गाडीत, अन् स्टिअरिंग अडकलं तर?

मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "पांढऱ्या फडक्यावर थेंब घे. लाल असंल तर राहू दे, काळपट असंल तर बदल. घाबरतो काय?"

(घाबरत होतोच.)

दोरीवर पांढरी मऊ फडकी वाळत होती. एक घेतलं. थेंब ना लाल, ना काळा, चिंचेच्या कोळासारखा! दुसरं फडकं उन्हात धरून पाहिलं, तिसरं सावलीत. अकरा फडकी झाली तरी निकाल लागंना.

इतक्यात काकू किंचाळल्या, "अगं बाई, रक्त! किशन, कुठं कापलं रे?"

"मला न्हाई काकू, स्टिअरिंगचं हाय!"

"कुणाचं?"

ऐकतंय कोण! गुरुजींनी मला खुर्चीत दाबलं, काकूंनी माझ्या दोन्ही मुठींत हळद कोंबली. मग जखम शोधायला लागले. जखम सापडंना.

खरं सांगितलं, तेव्हा काकू एकेक फडकं उचलून बघायला लागल्या. गुरुजींची जुनी धोतरं फाडून, आठ दिवस खपून त्यांनी ते लंगोट शिवले होते. मी मनातल्या मनात माहूरच्या एस.टी.त बसलोसुद्धा!

"मग? बदलायचं का?" काकूंनी विचारलं.

"कळंना, काकू."

"रक्तासारखं काळपटलंय की! बदलून आण. माझं नातवंड यायचंय त्या गाडीत." अन् कात्री घेऊन त्या गुरुजींकडं वळल्या.

"अगं, हे नेसलोय मी!" गुरुजी आत पळाले.

सकाळीच ऑईल बदललं. स्टिअरिंग लोण्यासारखं! तरी येताना मी इतकी हळू चालवली, की कडब्याचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढं गेला.

"किशनभाऊ," मागून ताई म्हणाली, "घर येईपर्यंत बाळ चालायला लागंल!"

दारात काकूंनी ताईवरून, बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दुसरा तुकडा घेऊन माझ्याकडं आल्या. "उतर खाली. सुखरूप आणलंस लेकरा."

घर सोडल्यापासून माझ्यावरून कुणी तुकडा ओवाळला नव्हता. डोळे भरून आले. तसाच गाडीत बसलो, अंगणात घ्यायला वळवली, अन् धाडकन फाटकाच्या खांबावर घातली!

गुरुजी धावत आले. "अरे, ऑईल तर बदललं ना? आता काय बदलायचं राहिलं?"

जे राहिलं होतं, ते स्टिअरिंगमागं बसून रडत होतं!